पहिला टाहो

"बाईसाहेब, बाळ रडेल तेव्हा ते ऐकायला चार साक्षीदार दाराशी हवेत, नाहीतर ते जिवंत जन्मल्याचा पुरावा राहणार नाही आणि वारसा बुडेल," सुईण म्हणाली होती. गरोदर विधवा मेख्टिल्डने ते हसण्यावारी नेलं. सोळा वर्षांनी, मध्ययुगीन जर्मनीतल्या सॅक्सनीत, न्यायसभेच्या झाडाखाली दीर ओरडत होता, "भावाचं मूल मेलेलंच जन्मलं! हा पाणचक्कीवाल्याचा पोर!" साक्षीदार एकही नव्हता. दाव्यातल्या जमिनीची खूण म्हणून न्यायाधीशापुढे ठेवलेलं वडिलांच्या शेतातलं ढेकूळ पाहून मेख्टिल्डच्या मुलाचे, गेरोल्डचे, डोळे भरले. काका खिदळला, "रडका! जन्मलास तेव्हाही असाच टाहो फोडलास, तबेल्यात माझा घोडा बुजला!" "म्हणजे रडणं तुम्ही ऐकलंत?" न्यायाधीशाने विचारलं. बाळ जिवंत जन्मल्याची कबुली काकानेच दिली होती. ढेकूळ गेरोल्डच्या ओंजळीत आलं. डोळे न पुसताच तो म्हणाला, "काका, उपकार झाले." मेख्टिल्डची मान उंचावली. पण प्रत्येकीचा दीर इतका बडबड्या नसतो. तुमच्या शेजारी कुणी एकटी गरोदर असेल तर आजच डोकावून या.