लग्नाचा घडा

शाओशिंगच्या जुन्या घरी येऊन आठवडा झाला, तरी शांघायला परतायचं नाव कुणी काढेना. एरवी दुकान सोडून घटकाभर न बसणारे बाबा रोज लेकीला घेऊन कालव्यातल्या होडीत पाय पसरून बसत. "तुझं ऑपरेशन छान झालंय, आता नुसता आराम," म्हणत. "बाबा, आळशी झालात हं!" शूयुन चिडवायची. आज दुपारी त्यांनी अंगण खणून दारूचा घडा वर काढला. तिच्या जन्माच्या वेळी त्यांनीच तो पुरला होता. इथे मुलीचा घडा तिच्या लग्नातच उघडतात. "अहो बाबा, नवरदेव कुठाय?" ती खिदळली. आई तोंड फिरवून आत गेली. बाबांनी घड्याचं मातीचं झाकण फोडलं. शूयुनचं हसू तिथंच विरलं. "थांबू या ना बाबा," ती हळूच म्हणाली, "माझ्या लग्नापर्यंत." त्यांनी भरलेला पेला पुढे केला. "आम्ही थांबलो असतो गं."