तेवढाच आकडा

"आज किती?" तामसिनने भिजलेला रेनकोट काढेपर्यंतही डेसला दम निघाला नाही.

"नऊ टक्के. कालच्याएवढेच."

डेस उशीला टेकला. रुग्णालयाच्या खिडकीतून न्यूकॅसलचं बंदर दिसत होतं. कोळशाचं एक जहाज संथपणे बाहेर पडत होतं. त्या जहाजांना शिव्या घालण्यातच त्याचं आयुष्य गेलं. कागदासारखे छापता येतील असे स्वस्त सौर सेल बनवायचे, हे त्याचं वेड. सेल बनायचे, पण टिकायचे नाहीत. वीज तयार करणारा थर आणि ती उचलून नेणारा थर जिथे जुळतात, तिथेच घोडं पेंड खायचं. त्या जोडावर एक नवा लेप देऊन त्याने आणि तामसिनने शेवटचा सेल बनवला आणि डेसने अंथरूण धरलं. आता तो सेल टिकतो की नाही, म्हणजे उन्हातली किती टक्के ऊर्जा विजेत बदलत राहतो, एवढंच पाहायचं उरलं होतं.

"पहिल्या दिवसापासून नऊच? जरासुद्धा उतरला नाही?"

"नाही."

"कार्ट्याची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे म्हणायची!" तो हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. त्याची बायको नोएलीन पाणी द्यायला उठली.

"आठवतं का," तो म्हणाला, "माझ्याकडे शिकायला आलीस, तेव्हा पहिल्या सेलचा आकडा उतरला म्हणून रडत बसली होतीस."

"आणि तू ओरडलास, नवा सेल आधी उतरतोच, वेडाबाई! मग स्थिरावतो."

डेसने डोळे मिटले. "उद्या ये. आकडा घेऊन."

ती रोज येत राहिली. हिवाळा लांबला. डेस वाळत गेला आणि एका सकाळी आकडा विचारायला तो उरला नाही.

अंत्यविधीच्या आधी नोएलीन तिच्याजवळ आली. "तो सेल त्याच्या खिशात ठेवायचाय. आणलास ना?"

तामसिनची मूठ उघडेना. तिला रडू फुटलं. "नोएलीन, मला तुला काही सांगायचंय."

नोएलीनने हलकेच तिची बोटं सोडवली. सेलचा रंग पार उडाला होता.

"ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "तू पहिल्या आठवड्यात येऊन गेलीस, तेव्हाच तो मला म्हणाला होता, 'मला कळलंय, हे पोरीला कळू देऊ नकोस. सेल मेलाय. जिवंत असता, तर आधी थोडा उतरला असता.'"