सहा पानं

"मंगळवारी घरी कोण कोण आलं होतं?" दीप्तीने तिसऱ्यांदा विचारलं.

"कोणीच नाही, ताई. लॉकडाउन आहे ना," फोनवरची अनुष्का म्हणाली.

अनुष्काची टेस्ट सकाळी पॉझिटिव्ह आली होती. राहणार जॉन्सनव्हिल, कामाला सुपरमार्केटात, नवरा या परक्या देशाच्या सीमा बंद झाल्यापासून पुण्यात अडकलेला. अशा पेशंटला भेटलेली माणसं शोधायची आणि घरात बसवायची, हे दीप्तीचं काम. मराठी पेशंट तिच्याच वाट्याला येत, आणि मराठी थापाही. आधीच्या एकाने 'कोणी आलं नाही' म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्याकडे जेवून गेलेल्या बाईचं तान्हं बाळ आता ऑक्सिजनवर होतं. दुधाने पोळलेली दीप्ती हल्ली ताकही फुंकून पीत होती.

"बरं, दिवसभर काय केलंत?"

"सकाळी मंगळागौर पूजली. मग हीप्स, ढीगभर स्वयंपाक केला, जेवले. नंतर कणकण वाटली, झोपून टाकलं."

दीप्तीने पेन खाली ठेवलं. सापडली. मंगळागौर म्हणजे वशेळ्या आल्या. लग्न झालेल्या चार-पाच पोरी, एका खोलीत, एका पंगतीला. एकटीने कोण मंगळागौर पूजतं?

"पानं किती मांडलीस?" तिचं अहो-जाहो आपोआप गळून पडलं.

"सहा."

"मग त्या पाच जणींची नावं सांग. हे बघ, मी पोलीस नाही. पण एखादीच्या घरी लहान मूल असलं तर?"

लपवतेय, दीप्तीला वाटलं, नक्की कोणाला तरी लपवतेय.

"वशेळ्यांच्या जागी सुपाऱ्या मांडल्या होत्या," अनुष्का म्हणाली. "बोलावणार कोणाला? पाच पानांसमोर पाच सुपाऱ्या ठेवल्या, वाढलं, मग उचलून फ्रिजमध्ये टाकलं. अजून तेच खातेय."

असल्या गोष्टी दीप्तीने खूप ऐकल्या होत्या. तिने बेसावध गाठायचं ठरवलं.

"जेवताना मास्क काढलेच असतील. किती वेळ बोलत बसला होतात?"

"मंगळागौरीला मुक्यानं जेवायचं असतं, ताई," अनुष्का म्हणाली. "तेवढं मात्र अगदी नीट पार पडलं."