दुमडलेली किनार

“ही किनार आत दुमडून टाक, ऋतिका. फक्त फुलं दिसू देत,” सुबोध म्हणाला.

ऋतिकाच्या हातातली सुई थांबली. मुलुंडच्या त्या खासगी संग्रहालयाचं दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. समोरच्या लांब टेबलावर मजारीवरची एक जुनी चादर पसरली होती. हिरवं रेशीम, मध्ये जरीची फुलं आणि चारी बाजूंच्या किनारीत विणलेल्या कुराणातल्या आयता. वर्षभर ऋतिका तिच्यावर वाकून बसली होती. वर जाळी धरून व्हॅक्यूमनं धूळ ओढून घेतली होती, कसर लागलेल्या जागी खालून पातळ रेशीम लावून केसासारख्या धाग्यानं टाके घातले होते.

“पण का, सर?”

“उद्या कोण कोण येणार आहे, माहितीये ना? एकानं फोटो काढून नेटवर टाकला की वाट लागली. उघडायच्या आधीच टाळं लागेल.” सुबोध इथला संचालक. ट्रस्टींचे फोन त्यालाच घ्यावे लागत.

“रेशीम जुनं आहे. घडीवर तुटेल.”

“घडीत कापसाची गुंडाळी घाल. तुला जमत नसेल तर सांग. काच बसवणारे खाली आहेतच, ते दुमडतील.”

ते कसे दुमडतील, हे ऋतिकाला दिसत होतं.

चादर कुर्ल्याच्या हमीदा परकारांची. नवरा गेल्यावर त्या एकट्याच होत्या. त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणत ऋतिकानंच फेऱ्या मारून त्यांचं मन वळवलं होतं. “खाला, कपाटात कसर खाऊन टाकेल हिला. आमच्याकडे पूर्ण उलगडून ठेवू. येणारा-जाणारा वाचेल,” असा शब्द दिला होता.

तिनं हातमोजे चढवले. एकेक बाजू उचलून, गुंडाळी घालून आत घेतली. एकही धागा तुटू दिला नाही. काम इतकं बेमालूम झालं, की इथं अक्षरं होती हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

उद्घाटन थाटात झालं. पाहुण्यांनी फुलांचं कौतुक केलं, काचेपुढे उभं राहून सेल्फी काढले. पाटीवर लिहिलं होतं, ‘फुलांची नक्षी असलेलं रेशमी वस्त्र’.

गर्दी ओसरल्यावर हमीदाखाला आल्या. काचेला चष्मा टेकवून चारी बाजूंनी फिरल्या. पुन्हा एकदा फिरल्या. ऋतिकाला तिथून पळून जावंसं वाटलं. तरी ती पुढे झाली.

“खाला, मला करावं लागलं. आयता आत आहेत, एकीलाही धक्का लागलेला नाही. मी तुम्हाला शब्द दिला होता आणि मीच...” तिनं बाहीनं डोळे पुसले.

खाला ओरडतील, चादर परत मागतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी परत मागावी, असंही वाटत होतं. खालांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“रडतेस कशाला, पोरी? नीट दुमडलीस. ब्याण्णवच्या दंगलीत लोक घरात घुसले, तेव्हा मीपण अशीच दुमडून पलंगावर टाकली होती. फुलं वर ठेवून.”