तापणारं स्थळ

हुपरीकरांनी लॅपटॉपचा पंखा साफ केला, आतली पेस्ट बदलली. तरी पाच मिनिटांत तो तापून बंद पडला.

"यावर काम कसलं करता?" त्यांनी विचारलं.

"माझं वधूवर सूचक मंडळ आहे," खांबेटेबाई म्हणाल्या. "स्थळांची माहिती टाइप करते."

"मग बरोबर. यंदाच्या मॉडेलात खरंखोटं तपासणारी चिप आहे. खोटं लिहिलं की ती तापते. काय लिहिलं होतं?"

"निर्व्यसनी, मनमिळाऊ, शांत स्वभाव."

"बघा."

"अहो, हे सगळेच लिहितात."

"म्हणून तर माझ्या दुकानात रांग आहे. एखादं खरं वाक्य लिहून बघा."

बाईंनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला, जरा विचार केला आणि टाइप केलं, 'गेल्या वर्षी मी जमवलेली तीन लग्नं मोडली.' लॅपटॉप गार पडला.

"झालं काम," हुपरीकर खुशीत म्हणाले. "आता ज्या मुलाच्या माहितीवर तो बंद पडला, ती तेवढी खरी करून टाका."

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वर हुपरीकरांचाच फोटो होता.

"तुमच्या आईंनी नाव नोंदवलंय," बाई म्हणाल्या. "वयापासून सुरुवात करू या?"