नऊ साती

सावरगावच्या विहारात बायकांचा प्रौढशिक्षणाचा वर्ग भरला होता. शिकवणाऱ्या कमलने नवाच्या पाढ्याची गंमत दाखवली. “दोन्ही पंजे पालथे ठेवा. नऊ त्रिक पाहिजे? डावीकडून तिसरं बोट दुमडा. अलीकडे बोटं दोन, पलीकडे सात. सत्तावीस!” सगळ्या हसत बोटं दुमडू लागल्या. जयवंताबाई पाटी ठेवून उठली. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कापसाच्या जिनिंगमध्ये तुटल्यापासून तो हात ती पदराखालीच ठेवायची. “दहा बोटं कुठून आणू, पोरी? माहं शिक्षण इथंच सरलं.” कमलने तिचे दोन्ही हात पुढ्यात मांडले. “तुटलेलं दुमडलेलंच समजा, मावशी. सातवं आहे ना? आता मोजा.” अलीकडे सहा, पलीकडे तीन. “त्रेसष्ट?” “नऊ साती त्रेसष्ट!” जयवंताबाईने तोच हात कमलच्या गालावरून फिरवला. “मशीननं उत्तर कवाचंच काढून ठेवलं होतं, पोरी. मलेच वाचता येत नव्हतं.”