चार अक्षरांचा फरक

अठरा लाख अक्षरं.

बारा वर्षांचा अबोला.

एक बाटली, झाकणावर आईच्या हस्ताक्षरात 'खरं'. दुसरी बाटली, झाकणावर मावशीच्या हस्ताक्षरात 'हेच खरं'.

दह्याच्या कारखान्यातल्या टाकीत विरजणाचे जिवाणू मारणारा विषाणू शिरला की दहा हजार लिटर दूध विरजायचं नाव घेत नाही.

म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी घरोघरची विरजणं गोळा करायची, त्यांतल्या जिवाणूंचे जनुकसंच ताडून पाहायची. विषाणूला दाद न देणारं विरजण शेवटी सापडलं ते तिच्याच घरात. आजीचं. आजी गेल्यावर आई आणि मावशी, दोघी बहिणींनी ते वाटून घेतलं, आणि खरं कोणाकडे यावरून शेजारी राहूनही बोलणं टाकलं. 'मूळ कोणाकडचं' हा नोंदवहीतला रकाना आज भरायचा होता. आईने तर त्या नावाने मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी चौकटही आणून ठेवली होती.

रोज विरजण लावत गेलं की जिवाणू कणाकणाने बदलतात. जनुकसंचाच्या अठरा लाख अक्षरांत वर्षाला चार-पाच, म्हणजे बारा वर्षांत पन्नास-साठ तरी वेगळी दिसायला हवी होती. पडद्यावर चार होती.

आपल्याच हातून सरमिसळ झाली असेल म्हणून तिने दोन्ही बाटल्यांतून पुन्हा नमुने घेतले. पुन्हा चारच.

तिने फोन लावला.

"काय गं, हरली ना ती बया?"

"आई, दोन्ही एकच आहेत. वर्षभरापूर्वी एकीने दुसरीकडून घेतलंय."

पलीकडे नळ बंद झाला.

"तुमच्या यंत्राला एवढं कळतं?"

"कळतं. कोणी कोणाकडून घेतलं, ते मात्र नाही कळत."

आईने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मागच्या थंडीत माझं नासलं. तुझी मावशी मधल्या कठड्यावर वाटी विसरली होती. चमचाभर उचललं. चोरीच म्हण."

"मग रकान्यात काय लिहू?"

"ताईचं नाव लिही. जिवावर आलंय, पण लिही." आणि घाईघाईने, "कसं कळलं ते नको हं सांगूस तिला. जन्मभर ऐकवेल."

मागच्या थंडीत मावशीने दोन घरांमधल्या कठड्यावर सलग आठवडाभर झाकलेली वाटी ठेवली होती. एरवी तिच्याकडे विरजण कुलपात असायचं.